तीन झाडांची वाइन

दिल्ली कॅन्टोन्मेंट
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामा यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमची वाइन चवीला कशी आहे?

काल गुरुग्राममध्ये एका माणसानं मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्रभर विचार केला, तरी येत नाही. म्हणून हे पत्र.

झालं असं, की मे महिन्यात दिंडोरीहून निघताना तुम्ही मला 'तीन झाडं'ची एक बाटली दिली होती, कुणाला दाखवता आली तर दाखव म्हणून. ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं, गुरुग्रामला अनुरागजी म्हणून एक आहेत, त्यांचं लहानसं रेस्टॉरंट आहे आणि ते फक्त छोट्या घरगुती वाइनऱ्यांच्या बाटल्या ठेवतात. शनिवारी मेट्रोनं गेले. त्यांनी बाटली हातात फिरवली, लेबलवरची तीन झाडं पाहिली आणि विचारलं, "किसने बनायी?"

"मेरे मामाजी ने."

"कैसी है?"

"अच्छी है."

"अच्छी तो सबके मामाजी की होती है. आपको कैसी लगी?"

मी म्हटलं, मी कधी चाखलेली नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली न उघडताच परत दिली आणि म्हणाले, "पहले खुद जान लीजिए, फिर मुझे बताइए."

मामा, त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या मालाबद्दल ज्याला खरं सांगता येत नाही, त्यानं तो विकू नये. पप्पा म्हणाले, "ही भाषणं कॉलेजात ठीक आहेत. बाटली विकायची तर 'मस्त आहे' म्हणायचं." त्यांची बावीस वर्षं फौजेत गेली, तिथे हुकूम चालतो, काही विकावं लागत नाही.

मला एक गोष्ट लहानपणापासून विचारायची होती. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तुम्ही थेंबही घेत नाही. मग टाकीत काय चाललं आहे, ते तुम्हाला कळतं तरी कसं?

तुमची
शिवांजली


दिंडोरी
३ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोन न करता लिहिलंस हे चांगलं केलंस. आपल्या घरचा फोन ओट्यावर असतो, स्पीकर चालू असतो आणि तुझी मामी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकते. यापुढेही पत्रच लिही, आणि गावच्या सोसायटीच्या ऑफिसच्या पत्त्यावर.

माळ आहे म्हणून ओठाला थेंब लावत नाही, हे खरं. गावात काही जण म्हणतात, गुणवंता माळ जपतो आणि दारू गाळतो. मी म्हणतो, हलवायाला साखरेचा आजार झाला तर तो पेढे करायचं सोडतो का?

माझं सगळं काम नाकाचं. तोडणीच्या दिवशी क्रेटमध्ये नाक घालायचं. टाकीत रस फसफसायला लागला की पहिल्यांदा भिजवलेल्या पिठाचा वास येतो, मग पिकल्या जांभळाचा. कुजक्या अंड्याचा आला तर समजायचं टाकीचा जीव गुदमरतोय, तिला हवा दाखवायची. मोठ्या वाइनरीतले शिकलेले पोरगे चाखून सांगतात, तेच मी झाकण उघडून सांगत आलो. बारा हंगाम काढले.

तुलाही चाखायची गरज नाही. बाटली उघड, पेल्यात ओत, नाक घाल आणि काय काय येतं ते मला लिही. पुस्तकातलं लिहू नको. जे वाटेल ते, बारीकसारीक सगळं. घरातली पहिली पदवीधर आहेस, एवढा अभ्यास जमेल. मी तपासीन.

तुझा
गुणवंतमामा


दिल्ली कॅन्टोन्मेंट
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामा,
शि. सा. नमस्कार.

अभ्यास केला. सरोजिनी नगरच्या बाजारातून उंच दांडीचे दोन पेले आणले. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाटली टेबलावर ठेवली. आई लांब उभी राहून म्हणाली, "माझ्या भावानं कष्टानं केली आहे, हे मान्य. म्हणून काय आता तिला ओवाळू?" मात्र बूच निघाल्यावर तीच सगळ्यात आधी पुढे आली.

मी नाक घातलं. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, नुसतं नाकात चढलं. दुसऱ्यांदा जांभूळ आलं, तुम्ही सांगितलं होतं म्हणून वाटलं की खरंच, ते कळेना. म्हणून पेला झाकून ठेवला, अंगणात जाऊन आले, पुन्हा घातलं. या वेळी भिजलेल्या काळ्या मनुका. मग पप्पांच्या परेडच्या बुटांचं पॉलिश, पण वाईट नाही, डबी नुकती उघडल्यासारखं.

पप्पांनी पेला ओढून घेतला. "असा धरतात का? हा काय चहा आहे?" त्यांनी हुंगलं आणि एकदम आईकडे पाहिलं. "तुझं डोकं दुखतंय का?"

मामा, त्यात बामचा वास होता. आईला विचारलं, ती म्हणाली हो, अगदी तोच, कपाळाला लावल्यावर खोलीभर होतो तो. तिघांनाही आला. एकदा सापडल्यावर मग तो जाईचना. नकोसा नव्हता, पण कुठून आला हे कळत नाही. तुम्ही रसात काही घालता का? एखादा पाला, काढा, काही?

हे विचारताना थोडं भीत आहे. पण सगळं लिही म्हणालात म्हणून लिहिलं.

तुमची
शिवांजली


दिंडोरी
२ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजली हिस आशीर्वाद. दिवाळी चांगली गेली असेल.

रसात द्राक्षाशिवाय काहीही नसतं. काढा वैद्य करतात, मी नाही. तुमच्या दिल्लीत आता धूर भरलेला असतो, त्यात तुम्हा तिघांची नाकं बिघडली असतील. पप्पांच्या नाकाचं तर सांगूच नको, त्यांना कॅन्टीनच्या रमशिवाय दुसरा वास ठाऊक नाही.

तरीपण एक काम कर. आपल्या गल्लीतला बळवंत सुट्टीवरून परत दिल्लीला निघाला आहे, तुमच्याच कॅन्टोन्मेंटात असतो. त्याच्याकडे दोन बाटल्या देतो, एक गेल्या वर्षीची, एक यंदाची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून हुंग. बाम दोन्हीत आहे की एकीत? किती आहे? आधी येतो की मागून? यंदाच्या बाटलीत दुसरं काही खटकतं का, तेही लिही. घाई करू नको, पण नक्की सांग.

मामीशी फोनवर यातलं काही बोलू नको. उगाच काळजी करत बसेल.

तुझा
मामा


दिल्ली कॅन्टोन्मेंट
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसा इथे धूर आहे. ऑफिसला मास्क लावून जाते, समोरच्या बराकी सकाळी दिसत नाहीत. म्हणून नीट परीक्षा घेता यावी यासाठी मी दारं-खिडक्या लावल्या, ओल्या टॉवेलनं फटी बंद केल्या आणि पप्पांबरोबर बळवंतदादांनाही बसवून घेतलं. कुठला पेला कुठल्या बाटलीतला, ते फक्त आईला माहीत होतं.

आम्ही तिघांनी चारही वेळा एकच सांगितलं. गेल्या वर्षीच्या वाइनमध्ये बाम नाही. यंदाच्या वाइनमध्ये आहे, आणि तो मागून येतो, पेला खाली ठेवल्यावर.

मग मी दोन्ही बाटल्या समोर ठेवून बघत बसले आणि मला हसू आलं. उत्तर बाटलीवरच छापलेलं होतं. लेबलवर बांधावरच्या तीन नीलगिरी आहेत. आणि आईच्या बामच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं आहे, नीलगिरीचं तेल. मामा, यंदा तोडणीच्या वेळी झाडांची पानं क्रेटमध्ये पडली असतील आणि द्राक्षांबरोबर टाकीत गेली असतील. बरोबर आहे का?

उरलेली यंदाची बाटली घेऊन मी अनुरागजींकडे गेले. सांगितलं, चव अजून माहीत नाही, पण वास माहीत आहे, आणि त्यातला एक मला समजला नाही. या वेळी त्यांनी पेले काढले. एक घोट घेतला, पेला उजेडात धरून फिरवला. म्हणाले, "मज़ेदार है. बस एक बात पूछ लीजिए मामाजी से, ये जान-बूझकर किया या हो गया? दोनों चलेगा, झूठ नहीं चलेगा." असा माणूस मला आवडला.

पण आता एक गोष्ट मला उलगडत नाही. झाडं तर बांधावर आधीपासून आहेत. पानं दर वर्षी पडत असतील. तुम्ही क्रेटमध्ये नाक घालता, रोज झाकण उघडता. आम्हा अडाण्यांना जे बंद खोलीत कळलं, ते तुम्हाला उघड्या टाकीवर कळलं नाही, असं कसं होईल?

तुमची
शिवांजली


दिंडोरी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजली,

असं होईल. नाकच नसेल तर होईल.

जानेवारीत मला ताप आला होता, आठवत असेल. ताप गेला, वास परत आला नाही. उदबत्तीचा नाही, शेणाचा नाही, रॉकेलचा नाही. वाटलं, येईल चार दिवसांत. तेवढ्यात तोडणी आली.

बांधाकडच्या दोन ओळींचे क्रेट आले की दर वर्षी मी नाक घालायचो आणि म्हणायचो, यातली पानं वेचा. द्राक्षाच्या पाल्यात नीलगिरीचं पान डोळ्याला सापडत नाही, नाकाला सापडतं. यंदाही सगळे माझ्याकडे बघत उभे होते. मी नाक घातलं, मान हलवली, म्हणालो, "छान, टाका." नंतर रोज झाकण उघडून तेच. बारा वर्षांचं नाव त्या एका मान हलवण्यावर चाललं होतं.

तुला वास लिहायला सांगितलं ते शिकवण्यासाठी नव्हतं, पोरी. तुझ्या नाकानं मी माझीच वाइन बघत होतो. वासांचं तुझं पहिलं पत्र सोसायटीच्या ओट्यावर तीनदा वाचलं. भिजलेल्या मनुका वाचून बरं वाटलं. म्हणजे बाकीचं बिघडलेलं नव्हतं.

आता व्यवहाराचं. तालुक्यातल्या एका मोठ्या वाइनरीनं आपली सगळी द्राक्षं पाच वर्षांसाठी मागितली आहेत. त्यांना वर्ष संपायच्या आत मेलवर इंग्रजीत उत्तर हवं. मी ठरवलं आहे. ज्याला वास येत नाही त्यानं टाक्या भरू नयेत. तूच लिहिलं होतंस ना, आपल्या मालाबद्दल ज्याला खरं सांगता येत नाही, त्यानं तो विकू नये. घरात इंग्रजी तुझं. तू माझ्या नावानं कळव. मजकूर तुला योग्य वाटेल तसा लिही, मला वाचून दाखवू नको, ऐकवणार नाही.

मामीला नाकाचं कळू देऊ नको. तिच्या स्वयंपाकाला मी रोज म्हणतो, वास छान सुटलाय. तेवढं राहू दे.

मामा


दिंडोरी
१२ डिसेंबर २०२४

चि. शिवांजलीस मामीचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. चुकलं तर वाचून घे. बळवंतच्या आईकडून तुझा पत्ता घेतला. तुझ्या मामांना हे पत्र माहीत नाही, माहीत होऊ देऊ नको.

तुमची दोघांची पत्रं चालतात, हे मला ठाऊक आहे. सोसायटीतला शिपाई माझ्या माहेरचा आहे. पत्र आलं की हे दोन दिवस बागेतच फिरत राहतात. आता तर टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात, दवाखान्यात पेशंटजवळ बसावं तसे. त्या वाइनरीचा माणूस येऊन गेला, त्यावरून मी काय ते समजले.

त्यांना वास येत नाही, हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. दूध करपून काळं झालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मग मी खात्री केली. एक दिवस गॅसवर पातेल्यात नुसतं पाणी ठेवलं, वर झाकण. हे आत आले आणि म्हणाले, "अहिल्या, वास छान सुटलाय." मी मागे वळून पोळपाट धुवायला घेतला.

कसं सांगायचं? ज्या माणसाला सगळा तालुका नाकाचा राजा म्हणतो, त्याला बायकोनं सांगायचं का, तुमचं नाक गेलं?

म्हणून मीच बघायला लागले. सकाळी हे देवळात काकड्याला जातात, तेव्हा मी टाकीच्या नळाखाली वाटी धरते. माळ त्यांच्या गळ्यात आहे, माझ्या नाही. पहिल्या दिवशी तुरटी चाटल्यासारखं झालं, थुंकले. पुढे थुंकत नाही, एवढंच लिहिते. महिन्याभरात मला फरक कळायला लागला. आज आंबट जास्त, आज मऊ, आज काहीतरी निसटलंय. पानांचा बामसारखा वास मला मार्चमध्येच कळला होता. पण बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? मग त्यांचंही बाहेर आलं असतं आणि माझंही. म्हणून तोंड मिटलं, आणि ती अख्खी टाकी तशीच बाटल्यांत गेली. ती चूक माझी.

आणखी एक. बागेचं शेत माझ्या वडिलांनी मला दिलेलं आहे, सातबाऱ्यावर नाव माझं. तो वाइनरीचा माणूस आला तेव्हा मी त्याला साखर किती, दूध किती, सगळं विचारलं. त्यानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. यांनी टाक्या रिकाम्या ठेवल्या तर हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही.

तू शिकलेली आहेस. काय करावं ते लिही. ऑफिसच्या पत्त्यावर नको, माझ्या बहिणीच्या घरी पाठव.

तुझी मामी


दिल्ली कॅन्टोन्मेंट
२४ डिसेंबर २०२४

ती. मामा आणि ती. मामी यांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र सोसायटीच्या पत्त्यावर नाही आणि मामींच्या बहिणीच्या घरीही नाही. सरळ आपल्या घरी, दोघांच्या नावानं पाठवते आहे. मामी, तुम्ही मोठ्यानं वाचा. मामा, मध्येच उठू नका.

मामा, मामींना तुमच्या नाकाचं फेब्रुवारीपासून माहीत आहे. त्या दिवशी पातेल्यात पाणी होतं.

मामी, मामांनी ते स्वतः मला लिहिलं आहे. त्यांना भीती एवढीच आहे, की तुमच्या स्वयंपाकाला दाद द्यायचा हक्क जाईल. आणि मामा, सकाळी तुम्ही देवळात असता तेव्हा तुमची टाकी कुणी सांभाळली, ते मामी सांगतील. वाटी कुठे लपवतात तेही विचारा.

तुम्ही दोघांनी एकमेकांपासून लपवायला मलाच सांगितलंत. मी कुणालाच शब्द दिलेला नव्हता, पण तुम्ही तो धरून चाललात, आणि तो मी मोडते आहे. आठवडाभर विचार केला. आईला सांगितलं नाही, पप्पांना सांगितलं नाही. ऑफिसात एकच ओळ तीन वेळा टाइप केली. मला सारखं वाटत होतं, एका घरात एकाला चव कळते आणि दुसऱ्याला त्या चवीचं काय करायचं ते कळतं. मग अडलं आहे ते फक्त बोलण्याचं.

आता सप्टेंबरातल्या प्रश्नाचं उत्तर. रविवारी मी चाखली. पप्पांना सांगूनच. ते खुर्ची सरकवून म्हणाले, "बस. उभ्यानं नाही प्यायची." चव अशी आहे: पहिल्यांदा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी आवळते. मग गोड नाही, पण गोडाची आठवण येते, मनुका पाण्यातून काढल्यावर उरलेल्या पाण्यासारखी. शेवटी घसा गार पडतो. ते गार मला आवडलं, आणि ते नसतं तर मनुका जास्त वेळ राहिल्या असत्या, असंही वाटलं. मामी, तुमचं काय मत? तुम्ही माझ्यापेक्षा नऊ-दहा महिने पुढे आहात.

अनुरागजींना मी काल सांगून आले. नाकाचं नाही, ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पानं चुकून पडली, एवढं खरं सांगितलं. ते म्हणाले, "गलती अच्छी है, रख लूँगा. लोगों को यही बताऊँगा, कि गलती है. पर मामाजी से कहिए, दोबारा वही गलती मत करें." यंदाच्या वाइनबद्दल त्यांच्या वितरकाचा फोन तुम्हाला येईल. झाडं तोडू नका, नाहीतर लेबल बदलावं लागेल. बांधाकडचे क्रेट आले की नाक मामींनी घालायचं. नळाखालची वाटीही आता भर उजेडात धरायची. मामी चव सांगतील, मामा ऐकतील आणि टाकीला हवा दाखवायची की झाकण लावायचं, ते ठरवतील. माळेला कुठेच धक्का लागत नाही. मजुरांसमोर मान हलवायची ती दोघांनी हलवा.

राहिला वाइनरीचा मेल. मामा, तुम्ही मजकूर मला योग्य वाटेल तसा लिहायला सांगितला होता, आणि वाचून दाखवू नको म्हणाला होतात. मामी, शेत तुमचं आहे आणि तुम्हाला कुणी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते तुम्ही मला लिहिलं होतं. दोन्ही पत्रं समोर ठेवून मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. विचारल्याबद्दल आभार मानले. कळवलं, की येत्या हंगामाची द्राक्षं आम्हालाच लागणार आहेत. खाली आधी मामींचं नाव घातलं, मग मामांचं.

मेल काल सकाळी गेला आहे. मिळाल्याचं त्यांचं उत्तरही आलं. रागवायचं असेल तर दोघांनी एकत्र रागवा, फोन ओट्यावरच आहे.

तुमची
शिवांजली